राजीनामा ८ मेच्या आधी नको

ताई, नमस्कार.

मी ३२ वर्षांची आहे. सोलापुरात एका खासगी बँकेत महिला गटांच्या कर्जाचं काम करते. ५ जुलै २०२१ ला लागले. पहिली तीन वर्षं चांगली गेली. दीड वर्षापासून मला पूर्ण वसुलीवर टाकलंय. सकाळी साडेसातला मोबाइलवर मीटिंग, मग दिवसभर गाडीवर, रात्री ग्रुपवर 'आजचा आकडा'. यंदा संक्रांतीच्या सुमारास मुलीला घेऊन सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला गेले होते. सगळे अक्षता टाकत होते आणि मी एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं साहेबांचा फोन घेत होते.

गेल्या महिन्यात विडी घरकुल वसाहतीत एका बाईच्या दारात हप्त्यासाठी संध्याकाळी सातपर्यंत बसले. 'घेतल्याशिवाय उठायचं नाही' असं फोनवर सांगितलेलं. तिच्याकडे खरंच पैसे नव्हते. तिनं मला पाणी दिलं, नंतर चहाही दिला. घरी आले आणि कारण नसताना मुलीवर ओरडले. हल्ली पहाटे चारला जाग येते, छातीत धडधडतं. कधी कधी वाटतं, झोपेतून उठूच नये.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात कागदपत्रांचं काम मिळतंय. पण हातात २७ हजार. इथे ३४ हजार मिळतात. मालक १ एप्रिलला या म्हणतात. मिस्टरांचं शाळेच्या गणवेशांचं छोटं शिलाई युनिट आहे, त्याच्या मशीनसाठी माझ्या नावावर कर्ज आहे, हप्ता ८,२०० रुपये. ते म्हणतात, पगार कमी घेऊन कोण जातं? सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा सासूबाईंनी विड्या वळून घर चालवलं. सासरे म्हणतात, 'बँक सोडून टॉवेलात कशाला जातीस? पक्की नोकरी हाय ती.' दोन्हीकडचे पगाराचे तपशील सोबत पाठवते.

मी सोडू का? की मीच कमकुवत आहे? बाकीचे तर करतातच की.

— एक वाचक, सोलापूर (पत्र संक्षिप्त केलंय)

*

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी घेते, नोकरीचं नंतर. 'झोपेतून उठूच नये.' हे तुम्ही धडधड आणि चारची जाग यांच्या पाठोपाठ, जाता जाता लिहिलंय. पण जाता जाता लिहिण्यासारखं ते नाही. हे वाक्य मिस्टरांना सांगितलंय का? नसेल तर आज रात्री सांगा. मुलगी झोपल्यावर, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि या आठवड्यात डॉक्टरकडे जा. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या. बाईमाणसाची धडधड 'टेन्शन आहे' म्हणून सोडून दिली आणि पुढे थायरॉइड निघाला, असं मी माझ्याच ऑफिसात दोनदा पाहिलंय. झोप आणि मन यांबद्दलही त्याच डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. हा विचार पुन्हा आला, वाढला, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालाय, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. रात्री चार वाजताही.

याच्या पुढचं सगळं मी 'जुलैपर्यंत थांबा' अशा सुरात लिहिणार आहे. पण तो सूर एका अटीवर. ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात येत असेल, तर जुलै विसरा, रजा टाका, आणि वेळ आलीच तर दुसऱ्या दिवशी राजीनामा द्या. बाकी सगळ्या हिशेबांच्या वरचा हिशेब तो.

आता नोकरी.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात साडेसातची मीटिंग आहे, आकडा आहे, साहेबांचा फोन आहे. पण हे सगळं तुम्ही एकेका वाक्यात उरकलंय. विडी घरकुलमधल्या त्या बाईला मात्र पूर्ण परिच्छेद दिलाय. पाणी दिलं, मग चहाही दिला. सोलापुरात दारात आलेल्या माणसाला पाणी विचारणं ही काही बातमी नाही. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावातही तांब्या पुढे होतोच. तुम्हाला ते लक्षात राहिलं, कारण ज्या घरात तुम्ही पाहुणी नव्हता, तिथे तुम्हाला पाहुण्यासारखं वागवलं गेलं. मला वाटतं तुमची झोप तिथे गेलीय. साडेसातच्या मीटिंगनं माणूस चिडतो, दमतो, साहेबांच्या नावानं बोटं मोडतो. पण पहाटे चारला उठून बसत नाही.

तुम्ही विचारलंय, मी कमकुवत आहे का. उत्तर नियमांतच आहे. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी, म्हणजे तुमच्या महिला गटांच्या कर्जांसाठी, निर्देश काढले. वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर फोन करणं हे त्यात 'कठोर वसुली'त मोडतं. वसुली व्हायची ती दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी. त्या जागी कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आला नाही, तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी जायचं. सहानंतर फोनसुद्धा करायचा नाही, मग दारात बसणं कुठून चालेल? तुम्हाला सातपर्यंत दारात बसवलं. 'घेतल्याशिवाय उठायचं नाही' हे फोनवर सांगितलं. लेखी सांगितलं नाही, हे लक्षात घ्या. का नाही, ते तुम्हालाही कळतं. ते काम तुम्हाला जड गेलं, कारण ते करायचं नसतं. बाकीचे करतात म्हणता. त्यांच्या घरी पहाटे चारला कोण जागं असतं, ते तुम्हाला कुठे माहितीय?

उद्यापासून एक करा. असा तोंडी हुकूम आला की साहेबांना एका ओळीचा मेसेज टाका: 'सहा वाजून गेलेत, घरी बसून राहू का? कृपया कळवा.' भांडण नको, नियमांचा पाढा नको. माझा अनुभव असा की या प्रश्नाचं उत्तर लेखी येत नाही. आणि उत्तर आलं नाही की तुम्ही उठायला मोकळ्या.

मी नोकरी सोडण्याच्या बाजूची आहे, हे सांगून टाकते. या सदरात मी सहसा इतक्या लवकर कौल देत नाही. पण कामाचे तास वाईट असले तर बदलून घेता येतात, साहेब वाईट असला तर त्याची बदली होते, आणि काम स्वतःलाच पटत नसेल तर मात्र तब्येत त्याची किंमत वसूल करते. प्रश्न उरतो तो दोनच गोष्टींचा. केव्हा, आणि तो टॉवेलचा कारखाना म्हणजे खरंच दार आहे की फक्त जवळची खिडकी.

माझंच सांगते. एकोणतिसाव्या वर्षी मी एका कारखान्याच्या पर्सोनेल विभागात होते, गाव आणि नाव राहू द्या. एका गुरुवारी वरिष्ठांनी सगळ्यांसमोर हजेरीपट माझ्या टेबलावर आपटला. मी जेवणाच्या सुट्टीत राजीनामा लिहिला आणि चारच्या आत दिलासुद्धा. काय हलकं वाटलं! ते हलकेपण रविवारपर्यंत टिकलं. नवी नोकरी बाराशे रुपये जास्तीची होती, म्हणून फार विचार केला नाही. तीन महिन्यांत कळलं की तिथेही शेवटी सगळ्यांचं काम माझ्याच टेबलावर येतंय, कारण 'नाही' म्हणायला मी अजून शिकलेच नव्हते. ती सवय मी पर्समध्ये घालून सोबत आणली होती. आणि पाच वर्षांना चार महिने कमी पडल्यामुळे ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षांच्या नोकरीनंतर सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, गेली ती वेगळीच. इतरांची ग्रॅच्युइटी काढून देणारी बाई मी! पुढे पंचवीस वर्षं हाच किस्सा सांगून लोकांना राजीनामे मागे घ्यायला लावले. काहींनी अजून माफ केलेलं नाही.

म्हणून आधी तारीख बघू. तुम्ही ५ जुलै २०२१ ला लागलात, म्हणजे पाच वर्षं पूर्ण होतात या जुलैत. तुमचा मूळ पगार १८ हजार आहे. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांची, महिना सव्वीस दिवसांचा धरून. १८ हजार गुणिले १५, भागिले २६, गुणिले ५. झाले ५१,९२३ रुपये. १ एप्रिलला गेलात तर हे सोडून जाताय. मिस्टरांच्या मशीनचे सहा हप्ते आणि वर सत्तावीसशे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात 'एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी' आली असं व्हॉट्सअॅपवर फिरतंय. ते ठराविक मुदतीच्या करारावर लागलेल्यांसाठी आहे. तुमच्या नेमणूकपत्रात मुदत आहे का ते एकदा बघा. कायम असाल तर पाच वर्षंच. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं, असे न्यायालयाचे निकाल आहेत. तुमचा दोन महिन्यांचा नोटीस पिरियड धरला तर तुम्ही त्यातही बसाल. एचआरला मेलवर विचारून ठेवा. पण त्या भरवशावर राहू नका. वाद जिंकून पैसे मिळण्यापेक्षा तारीख ओलांडून मिळालेले बरे.

कॅलेंडर घ्या. नोटीस साठ दिवसांची. ८ मेला राजीनामा दिला तर शेवटचा दिवस ७ जुलै येतो. पाच वर्षं पूर्ण, वर दोन दिवस. मार्चअखेर निघून गेलेली असेल. त्या महिन्यात बँकेत राजीनामा देणाऱ्याकडे लग्नातून न जेवता उठलेल्यासारखं बघतात. वर्षाचा इन्सेंटिव्ह मेआधी जमा होतो का, तेही बघून घ्या. तुमच्या घरात आणखी एक गोष्ट जुळून येते. गणवेशाचं काम एप्रिल ते जून. शाळा जूनमध्ये उघडतात, मिस्टरांचे पैसे त्याच्या मागेपुढे येतात. तुमचा पगार ज्या महिन्यात मागेपुढे होईल, त्याच महिन्यात त्यांच्या हातात पैसा असेल. हा योग सोलापुरात शिलाईवाल्यांच्या घरीच येतो.

पण तोवर पाच महिने काढायचे कसे? तुमच्या स्लिपवर ३१ दिवसांची रजा शिल्लक दिसते. ती कुणासाठी साठवताय? एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सलग आठ दिवस घ्या. आजारी असाल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आत्ताच घ्या. आणि बदलीचा अर्ज लेखी द्या, शाखेच्या आतल्या कामासाठी. तीन वर्षांचं चांगलं रेकॉर्ड आहे तुमचं. बदली झाली आणि झोप परत आली, तर या पत्राचा उरलेला भाग फाडून टाका. मला आनंदच होईल. नाही झाली तर निदान विचारलं होतं, हे कागदावर राहील.

आता पैसे. मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे, त्यांच्यावर चिडू नका. हप्ता त्यांच्याही डोक्यावर आहे. पण ३४ आणि २७ मधला फरक सात हजार, हा हिशेब चुकलाय. तुम्ही पाठवलेल्या बारा स्लिपा मी मांडल्या. ३४ हजार हा तुमचा चांगला महिना आहे. ठरलेले हातात येतात ३०,५००. इन्सेंटिव्ह बारापैकी पाचच महिने आला, मिळून २१ हजार. म्हणजे महिन्याला १,७५०. झाले ३२,२५०. भत्ता सोडून पदरचं पेट्रोल २,२०० जातं असं तुम्हीच लिहिलंय. मुलीला संध्याकाळी सहानंतर सांभाळणाऱ्या बाईंना १,५००. उरले २८,५५०. तिकडे २७ हजारांतून पेट्रोलचे ८०० वजा करा, २६,२००. फरक २,३५० रुपयांचा. मिस्टरांसमोर हे पाटीवर मांडा. धंदेवाला माणूस आहे, आकड्याला मान देईल.

यात एक खर्च तुम्ही धरलेला नाही, आणि तो मोठा आहे. सासऱ्यांचा आरोग्य विमा बँकेच्या गटविम्यात आहे. शेवटच्या दिवशी तुमच्यासोबत तोही संपतो. त्यांना साखर आहे. नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघात सोडून काहीही मिळत नाही आणि जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे राजीनाम्याच्या आधी विचारा, नंतर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, एवढाच दिलासा. हप्ता किती येतो ते कळल्यावर तो वरच्या फरकात मिळवा आणि मग मालकांकडे जा. माझ्या मते २९ हजार मागायला हरकत नाही. लाजू नका. टॉवेलच्या भावात ते गिऱ्हाईकाशी दहा-दहा पैशांसाठी घासाघीस करतात, तुम्ही दोन हजारांसाठी केली तर त्यांना आवडेलच.

मशीनचं कर्ज तुमच्याच बँकेचं, कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या दरानं असेल, तर नोकरी सुटल्यावर दर वाढू शकतो. मंजुरीपत्रात ती ओळ शोधा.

प्रॉव्हिडंट फंडाबद्दल थोडक्यात: काढू नका, तोच यूएएन (फंडाचा तुमचा कायमचा नंबर) देऊन वळता करा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, तुमची अर्धी झालीच आहे.

आणि आता त्या कारखान्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, 'मालक स्वभावानं चांगले आहेत, घरच्यासारखं वातावरण आहे.' हे वाक्य ऐकलं की मी जरा सावध होते. घरच्यासारखं म्हणजे दिवाळीला फराळ आणि कुणाच्या लग्नाला आठ दिवस रजा, हे खरं. पण घरच्यासारखं म्हणजे रविवारी सकाळी 'जरा येऊन जा की' हेही. पगार दहा तारखेचा वीस तारखेला, कारण घरच्याला काय सांगायचं? आपल्याकडच्या चादरी-टॉवेलच्या पेढ्या बापाकडून मुलाकडे आलेल्या आहेत. माणसं जिवाला जीव देणारी आहेत, हे मी स्वतः पाहिलंय. पण कागदाचा त्यांना कंटाळा. म्हणून तुम्हीच कागद मागा. नेमणूकपत्र, पगाराची तारीख, साप्ताहिक सुट्टी, प्रॉव्हिडंट फंड. वीस किंवा जास्त माणसं असतील तर फंड बंधनकारक आहे, टॉवेलच्या कारखान्यात तेवढी असतातच. 'आधी सहा महिने बघू, मग फंड लावू' असं म्हणाले तर तिथेच समजून जा.

मालकांना एक प्रश्न नक्की विचारा: माल कुठल्या देशात जातो, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एकूण मालातला किती घेतं? उद्धटपणा वाटेल, पण निर्यातीच्या कागदांवर बसणाऱ्या माणसाला हे विचारायचा हक्क आहे. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा अमेरिकेच्याच ऑर्डरीवर चालणाऱ्यांची झोप कशी उडाली असेल, ते वेगळं सांगायला नको. मालकांनी त्या महिन्यांत काय केलं, माणसं कमी केली का, पगार थांबले का, हे विचारा. उत्तर देताना ते चिडले तर तेही उत्तरच. 'तीन महिने ओढाताण झाली, पण कुणाला काढलं नाही' असं म्हणाले, तर खात्यातल्या लोकांकडून खरं करून घ्या. तिथे तेलुगूत बोलणं चालत असेल. तुम्हाला थोडं येतं असं लिहिलंय, तर चहाच्या वेळी ते 'थोडं' काढा. माणसं आपल्या भाषेत खरं लवकर बोलतात.

कामाचं म्हणाल तर हे काम शिकण्यासारखं आहे. पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती), लेटर ऑफ क्रेडिट (गिऱ्हाईकाच्या बँकेची पैशांची हमी). माल न्हावा शेवा बंदरात गेला, एका कागदावरचं नाव बँकेच्या कागदाशी जुळलं नाही, की पैसे अडकले. तुम्ही बँकेच्या टेबलाच्या त्या बाजूला पाच वर्षं बसलाय, बँक कशावर अडते ते तुम्हाला ठाऊक आहे. हा तुमचा भाव. आणि हे काम सोलापूर सोडून पुण्याला न जाताही दहा कारखान्यांत मागता येतं. वसुलीचं काम बारा बँकांत मिळेल, पण ते मागायला तुम्ही जाणार नाही.

सासऱ्यांबद्दल शेवटी, कारण तोच तुमच्या पत्रातला अवघड भाग. त्यांना पटवायला जाऊ नका. आकडे, विमा, फंड हे मिस्टरांसाठी. सासऱ्यांना फक्त विचारा: गिरणी बंद होण्याच्या आधीच्या वर्षी तुम्हाला कळलं होतं का? काय काय दिसत होतं? भोंगा तर रोज वाजत असणार. मग त्यांना बोलू द्या. या गावात 'पक्की' या शब्दाची जेवढी किंमत मोजली गेलीय, तेवढी फार थोड्या गावांनी मोजली असेल. म्हणून ते तो शब्द सोडत नाहीत. त्यांना कुणी हट्टी म्हणू नये. पण त्या घरात त्या वर्षी चूल पेटली ती सासूबाईंच्या सुपातल्या तंबाखूवर आणि तेंदूच्या पानांवर. 'पक्की' होती गिरणी, आणि घर तरलं विड्यांवर. हे तुम्ही बोलून दाखवू नका. सासूबाई तिथेच बसलेल्या असतील, बोलायचं असेल तर त्या बोलतील.

मालकांना जुलैपर्यंत थांबायची तयारी नसेल तर? विचारून तर बघा. खरं सांगा: पाच वर्षं पूर्ण होतायत, ८ जुलैला हजर होते, तोवर शनिवारी संध्याकाळी येऊन कागद समजून घेते. (बँकेत राहून दुसरीकडे पगारी काम करायचं नाही, ते नियमात बसत नाही. शिकायला जाणं वेगळं.) जो मालक चांगल्या माणसासाठी तीन महिने थांबत नाही, त्याला माणूस नकोय, रिकामी खुर्ची भरायचीय. तो थांबला नाही आणि तुमची तब्येत बरी असेल, तर मी म्हणेन जाऊ द्या, मेपर्यंत दुसरं शोधा. अक्कलकोट रोडला एकच कारखाना नाही, आणि चिंचोळीची एमआयडीसीही आहेच. तब्येत बरी नसेल तर १ एप्रिलला जा. ५१,९२३ रुपये गेले तर गेले. त्या बाईच्या दारात बसून तुम्ही जी किंमत मोजलीत, तिच्यापेक्षा ते काही मोठे नाहीत.

एक काम येत्या शनिवारी करा. वसुलीवरून परतताना गाडी अक्कलकोट रोडला वळवा. त्या कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी असेल, असतेच. सव्वासहाला तिथे उभ्या राहा. ऑफिसमधली माणसं किती वाजता बाहेर पडतात, कशी पडतात, हसत की मान खाली घालून, ते बघा. बायका असतील तर त्या केव्हा निघतात ते बघा. सात वाजेपर्यंत थांबा, दिवा कधी बंद होतो तेही कळेल. चहा दोन घ्या, आणि तेवढा वेळ फोन डिकीत ठेवा.